कापसाची गाडी

गेल्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या पूर्व भागातल्या त्स्विकाऊ या गावी, एका चौकात उभ्या असलेल्या दगडी ट्रॅबंट मोटारीच्या बॉनेटवर मी बोटाच्या पेरांनी टकटक केली आणि हसले. हसण्याचे कारण साधे होते. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलाने नुकतेच सांगितले होते, "आई, खरी गाडी कापसाची होती बरं का." कापसाची गाडी, आणि तिचे स्मारक दगडाचे! अकोल्यात जन्मलेल्या, कापसाच्या गंजींवर खेळून मोठ्या झालेल्या बाईला याचे हसू आले नसते तरच नवल. सकाळी पाऊस पडून गेला होता, दगड ओला आणि थंडगार होता, त्यामुळे टकटक केल्याचा आवाजसुद्धा धड आला नाही. त्याच वेळी बाजारहाट करून निघालेली एक म्हातारी, हातात कापडी पिशवी आणि डोक्याला पारदर्शक प्लास्टिकची टोपी अशा वेषात, आमच्यापासून दोन पावलांवर थांबली. तिने आधी माझ्या हाताकडे पाहिले, मग दगडी गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि ती एवढेच म्हणाली, "फिअर्त्सेन यारे." मी मुलाकडे पाहिले. "चौदा वर्षे," तो म्हणाला. तोवर ती चालू लागली होती.

ती रागावली होती की मोठ्या मानाने काही सांगत होती, हे मला अजून उमगलेले नाही.

मुलगा शेजारच्या केम्निट्सच्या विद्यापीठात शिकतो. तिथे आपल्याकडची इतकी मुले आहेत की संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्यात फोडणीचा वास येतो आणि कुठल्या तरी दाराआडून मराठीत भांडण ऐकू येते. तिथून रेल्वेने पाऊण तासाच्या आत-बाहेर त्स्विकाऊ येते. संगीताच्या जाणकारांना हे गाव रॉबर्ट शूमान या संगीतकाराचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते आणि मुख्य बाजारचौकात त्याचा पुतळाही आहे. माझ्या मुलाला मात्र शूमानशी कर्तव्य नव्हते. चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात दोन वर्षे नोकरी करून तो इकडे आलेला असल्यामुळे, त्स्विकाऊ हे त्याच्या लेखी एक तीर्थक्षेत्रच आहे. आउगुस्ट होर्ख नावाचा अभियंता १९०४ साली आपला मोटारींचा कारखाना घेऊन या गावात आला, पुढे स्वतःच्याच कंपनीतल्या लोकांशी बिनसल्यामुळे १९०९ साली बाहेर पडला आणि त्याने त्याच गावात दुसरा कारखाना काढला. पण जुन्या कंपनीने त्याचे नावच त्याला वापरू दिले नाही. 'होर्ख' या शब्दाचा जर्मनमध्ये अर्थ होतो 'ऐक'. तेव्हा त्याचे लॅटिन करून नव्या गाडीला नाव दिले गेले, ऑडी. मुलाने ही गोष्ट मला गाडीत बसल्या बसल्या सांगितली आणि मला एकदम श्रावणातल्या कहाण्या आठवल्या. "ऐका शुक्रवारा तुमची कहाणी, आटपाट नगर होते." आमच्या आजीने पाटावर बसून सांगितलेल्या कहाण्यांची सुरुवात आणि या चार कड्यांच्या महागड्या गाडीचे नाव एकच असावे, याची मला बराच वेळ गंमत वाटत राहिली. ती चार कडी म्हणजे १९३२ साली एकत्र आलेल्या चार कंपन्या, आणि त्यांतल्या दोन, ऑडी आणि होर्ख, या एकाच गावातल्या. तीच गाडी आज आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जोडली जाते, ही माहिती अर्थातच मुलाने अभिमानाने पुरवली.

पण ज्या गावाने ऑडी जन्माला घातली आणि होर्ख वाढवली, त्या गावाने मोटारीचे स्मारक म्हणून चौकात उभी केली ती ट्रॅबंट. ही निवडच मला विचार करण्यासारखी वाटते. महायुद्धानंतर देशाची दोन शकले झाली, त्स्विकाऊ पूर्वेकडे राहिले, कारखाने सरकारच्या ताब्यात गेले, ऑडीचा वंश पश्चिमेकडे इंगोलश्टाट गावी पुन्हा रुजला आणि इथे उरलेल्या लोकांना सांगण्यात आले की, सामान्य माणसासाठी एक छोटी गाडी करा. मात्र पोलादाचा पत्रा फारसा मागू नका. पश्चिमेकडच्या देशांनी चांगला पत्रा देणे बंद केले होते आणि घरचा पुरत नव्हता. मिळत होता तो सोव्हिएत संघातून येणारा कापसाचा टाकाऊ माल. गाडीचा सांगाडा पोलादाचा ठेवून, वरचे कवच या लोकांनी त्या कापसाचे केले. कापसाच्या तंतूंचे थर, त्यांत राळेसारखी रसायनाची भुकटी, आणि मग तापलेल्या साच्यात दाब. आपल्या जुन्या घरांतल्या काळ्या बॅकेलाइटच्या बटणांचा हा जवळचा नातलग. गंजत नाही, हलका असतो, आणि एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही. ७ नोव्हेंबर १९५७ रोजी, म्हणजे स्पुटनिक आकाशात गेल्यानंतर महिनाभराने, अशी पहिली गाडी बाहेर पडली. 'ट्रॅबंट' या शब्दाचा अर्थही उपग्रह, सोबती असाच आहे.

होर्खच्या नावाचे संग्रहालय जुन्या ऑडी कारखान्याच्या आवारातच आहे. आम्ही सकाळचे तीन तास तिथे काढले. चकाकत्या, लांबलचक होर्ख गाड्यांपुढे मुलगा हरखून उभा राहिला. मला त्यांच्यात आपल्याकडच्या संस्थानिकांच्या वाड्यांतली उदासी दिसली आणि मी पुढे सरकले. माझे पाय थबकले ते त्या कापसापाशी. कवच कसे होत असे, हे दाखवण्यासाठी मांडलेला तो मळकट पांढरा थर पाहून मला क्षणभर आपण कुठल्या देशात आहोत याचा विसर पडला. तो चांगला लांब धाग्याचा कापूस नव्हे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझे वडील अकोल्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये चौतीस वर्षे हिशेबाला होते. रेच्यातून, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रातून, रुई आणि सरकी वेगळी झाल्यावर सरकीला चिकटून राहणारी बारीक लव, जमिनीवर साठणारा भुगा, गाठ बांधताना गळून पडणारे तंतू, हे सगळे मी लहानपणी बाबांच्या सदऱ्यावरून, भुवयांवरून, कानांच्या पाळ्यांवरून झटकलेले आहे. संध्याकाळी ते सायकलवरून घरी येत तेव्हा दिवाळीच्या सुमारास ते नेहमीपेक्षा म्हातारे दिसत, कारण केसांवर तो सगळा मोसम बसलेला असे. आई त्यांना अंगणातच थांबवी आणि म्हणे, "आधी झटका, मग आत या." त्याच लवेची, त्याच टाकाऊ मालाची कुणी मोटार करील, असे त्या काळी कुणी सांगितले असते तर आमच्या आळीत त्याला वेड्यात काढले असते.

आम्ही सायकलचे लोक होतो आणि स्कूटरसाठी आमचा नंबर लागलेला होता.

'नंबर लावणे' आणि 'नंबर लागणे' यांच्यामधल्या काळात माझे जवळजवळ सगळे बालपण गेले. मी पाच वर्षांची असताना, १९७६ साली, बाबांनी अनामत भरून स्कूटरसाठी नाव नोंदवले. ती पावती आईने लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवली. आमच्या घरात पुष्कळ गोष्टी स्कूटर आल्यावर व्हायच्या होत्या. स्कूटर आल्यावर मूर्तिजापूरला आत्याकडे जायचे होते. स्कूटर आल्यावर मला दूरच्या, चांगल्या शाळेत घालायचे होते. मी शेवटी जवळच्याच शाळेत शिकले, आत्या पुण्याला गेली, आणि स्कूटर आली नव्हती. शेजारच्यांचा एक भाऊ आखातात नोकरीला होता. त्याने परदेशी चलन भरले, आणि आमच्यानंतर कित्येक वर्षांनी मनात आणूनही त्यांच्या दारात काही आठवड्यांत स्कूटर उभी राहिली. बाबा तिला हात लावायला गेले नाहीत, आईने मात्र ओवाळणीची वाटी नेऊन दिली. ज्यांना नंबर लागून गाडी मिळे, त्यांतले काही जण ती कारखान्याच्या किमतीपेक्षा बऱ्याच जास्त भावाने त्याच दिवशी विकत. जुनी स्कूटर नव्यापेक्षा महाग, असला उफराटा व्यवहार आम्हाला कधी चमत्कारिक वाटला नाही. ऊन, पाऊस आणि वेटिंग, असेच ते चालायचे.

म्हणून त्या चौकात, म्हातारी निघून गेल्यावर, मुलगा बाकावर बसून मला ट्रॅबंटची प्रतीक्षायादी समजावून सांगू लागला तेव्हा मला फारसे समजून घ्यावे लागले नाही. तिथे लोक दहा-दहा, बारा-बारा, कधी त्याहूनही जास्त वर्षे थांबत. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप त्याचे नाव नोंदवून टाकत. पश्चिम जर्मनीत काका-मामा असेल आणि त्याने तिकडचे मार्क भरले, तर गाडी लवकर दारात येई. त्यासाठी सरकारनेच एक वेगळी सोय करून ठेवली होती. वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग मिळे, कारण ती आज मिळत असे. मी ऐकत होते आणि मनात एकेका वाक्यापुढे आमच्या आळीतल्या एकेका घराचे नाव लिहीत होते. फरक एवढाच की त्यांच्यापुढे भिंत होती आणि आमच्यापुढे नव्हती. हा फरक थोडाथोडका नाही, हे मलाही कळते, आणि साम्य सापडल्याच्या आनंदात तो पुसून टाकणे बरोबर नाही. आम्ही निदान मनातल्या मनात सरकारला चार शिव्या हासडू शकत होतो, त्यांना त्याचीही चोरी होती.

तरीही यंत्रांचे नाते दडत नाही. ट्रॅबंटचे इंजिन दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, जेमतेम सहाशे सीसीचे आणि सव्वीस अश्वशक्तीचे होते. पेट्रोलची टाकी पुढे, इंजिनाच्याच डब्यात, वरच्या बाजूला. त्यामुळे पंप लागत नसे, पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरे. टाकीत किती उरले ते पाहायला पट्टी बुडवायची. आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, पन्नास भागांना एक भाग. ज्याने आपल्याकडे जुनी स्कूटर चालवली आहे, त्याला यातले एकही वाक्य परके वाटणार नाही. पंपावरचा माणूस लिटरमागे वीस मिली ऑइल त्या छोट्या मापाने ओतत असे आणि आम्ही मुले त्याचा तो गोड, डोके जड करणारा वास मुद्दाम नाकात भरून घेत असू. निळसर धूर, ताशासारखा फुटका आवाज, पावसाळ्यात रुसणारा प्लग. संग्रहालयात एका जागी ट्रॅबंटच्या इंजिनाचा आवाज कानी पडला तेव्हा मला माझ्या आईचे वाक्य ऐकू आले: "आले वाटतं तुझे बाबा, चहा ठेव."

आमची स्कूटर १९८४ साली आली. वाटपाचे पत्र आले, त्याच आठवड्यात धाकट्या आत्याच्या लग्नाची यादी करायला लोक बसलेले होते आणि पैशांची ओढाताण चालली होती. गावातला एक अडत्या घरी येऊन गेला. पत्र माझ्या नावावर करा, वर इतके रोख देतो, असे त्याने सांगितले, आणि तो आकडा बाबांच्या चार महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त होता. त्या रात्री बाबा ओसरीवर बसून राहिले. मी तेरा वर्षांची होते. अंथरुणातून मला त्यांची पाठ आणि विडीचे लाल टोक एवढेच दिसत होते. सकाळी त्यांनी अंघोळ केली, कोशाची टोपी घातली, आणि ते स्कूटर आणायला गेले. लग्नासाठी आईच्या पाटल्या मोडल्या, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. स्कूटर घरी आली तेव्हा ती बाबांना हवी होती तशी पांढरी नव्हती, शेवाळी हिरवी होती. रंग मागायचा नसतो, मिळेल तो घ्यायचा असतो, असे त्यांना तिथे सांगण्यात आले होते. आईने तिच्या चाकाखाली लिंबू ठेवले, हँडलला झेंडूचा हार घातला, हेडलाइटच्या कपाळावर हळदकुंकवाची बोटे ओढली. आळीतली सगळी पोरे गोल उभी होती आणि बाबा, ज्यांना स्कूटर चालवता येत नव्हती, ते नुसतेच सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवून पाहत होते.

पुतळा म्हटला की आपल्याकडे डोळ्यांसमोर चौथरा येतो, कठडा येतो, आणि जयंतीला हार घालण्यासाठी मागून लावलेली शिडी येते. यंत्रे आपण चौकात मांडतो ती युद्धातली. निवृत्त रणगाडा, नाक वर करून खांबावर टांगलेले विमान. ज्या यंत्रावर आपण भाजी आणली, मुले शाळेत सोडली, म्हातारा दवाखान्यात नेला, त्याचे दगडात काही करावे असे आपल्याला सुचत नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटची काळीपिवळी पद्मिनी उतरली तेव्हा दोन दिवस हळहळ झाली, निदान एक गाडी जपून ठेवा अशी मागणीही झाली. पण जिथे ती जन्मली त्या कुर्ल्यात दगडाची पद्मिनी उभी करावी, असे म्हणणारा कुणी माझ्या तरी वाचनात आला नाही. मला वाटते, आपण वापराच्या वस्तूवर प्रेम करतो, पण त्या प्रेमाची आपल्याला किंचित लाज वाटते. त्स्विकाऊच्या लोकांनाही ती वाटलीच असणार. ट्रॅबंटची टवाळी करण्यात खुद्द तिचे मालकच पुढे होते. तिला ते 'पुठ्ठ्याची रेसगाडी' म्हणत. दुसऱ्या कुणी थट्टा करण्यापूर्वी आपणच केलेली बरी, हा गरिबाघरचा शहाणपणा तिथेही असावा.

या टवाळीत एक अन्याय दडलेला आहे आणि तो मला संग्रहालयात लख्ख दिसला. १९६४ साली ट्रॅबंटला जे रूप मिळाले, तेच थोड्याफार डागडुजीने १९९० पर्यंत चालले. त्यामुळे जगाला वाटते की इथल्या लोकांना दुसरे काही सुचतच नव्हते. प्रत्यक्षात याच गावातल्या अभियंत्यांनी पुन्हा पुन्हा नवी गाडी आखली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तर पुढचा नमुना चाचणीच्या रस्त्यावर धावत होता, आणि वरून हुकूम आला की काम थांबवा. पुढे आणखी एकदा तसेच झाले. हे वाचताना माझा मुलगा अस्वस्थ झाला. ड्रॉइंगच्या फळीपाशी वाकून काम करणारा माणूस कोणत्या देशाचा आहे याने त्याला फरक पडत नसावा. "त्यांना येत होतं, आई," तो दोनदा म्हणाला, "त्यांना सगळं येत होतं." कापसाचे दार साच्यात काही मिनिटे दाबून धरावे लागे, पत्र्यासारखे एका ठोक्यात होत नसे. गाड्या हळू निघत याचे तेही एक कारण होते. म्हणजे जो कापूस त्यांच्या मदतीला आला, त्यानेच ती चौदा वर्षांची रांगही थोडी लांबवली.

आणि मग रांग एका हिवाळ्यात संपली. ९ नोव्हेंबर १९८९च्या रात्री बर्लिनमध्ये भिंतीची दारे उघडली, तेव्हा पलीकडे शिरणाऱ्या ट्रॅबंटच्या छपरांवर अनोळखी लोक हातांनी थापा मारत होते. ती दृश्ये आपल्याकडेही दूरदर्शनवर दिसली होती. त्याआधीच्या काही आठवड्यांत हजारो लोक प्रागला जाऊन पश्चिम जर्मनीच्या वकिलातीच्या आवारात शिरले होते आणि आपापल्या ट्रॅबंट त्यांनी तिथल्या गल्ल्यांत तशाच सोडून दिल्या होत्या. त्या वकिलातीच्या बागेत आज माणसासारख्या चार पायांवर चालणारी एक ट्रॅबंट उभी आहे, डाविड चेर्नी या शिल्पकाराने केलेली. तिची छायाचित्रे जगभर फिरतात, कारण कल्पना चटकदार आहे. मला मात्र त्स्विकाऊची बसलेली, दगडी, काहीही चमत्कृती न करणारी गाडी जास्त खरी वाटते. पायांची ट्रॅबंट ही निघून गेलेल्यांची गोष्ट सांगते. ही इथे राहिलेल्यांची आहे. ज्यांनी ती केली त्यांची, आणि त्या म्हातारीसारख्या, पिशवी घेऊन रोज तिच्यावरून जाणाऱ्यांची.

१ जुलै १९९० रोजी पूर्वेत पश्चिमेचे चलन आले आणि ज्या गाडीसाठी लोक अर्धे आयुष्य थांबले होते ती कुणालाच नकोशी झाली. ज्यांचा नंबर अगदी तोंडाशी आला होता त्यांनी नावे काढून घेतली. रस्त्यांच्या कडेला, झाडांखाली बेवारशी गाड्या दिसू लागल्या, आणि त्यांचे कवच वितळवताही येत नव्हते. कारखान्याने शेवटची धडपड म्हणून तिच्यात फोक्सवागन पोलोचे फोर-स्ट्रोक इंजिन बसवले होते, म्हणजे म्हातारीला नवे दात बसवले. ३० एप्रिल १९९१ रोजी शेवटची ट्रॅबंट बाहेर पडली. एकूण ३०,९६,०९९. तोवर गावाबाहेर मोझेल येथे पोलो जोडायला सुरुवातही झाली होती. पुढे तीच पोलो आपल्या चाकणलाही झाली आणि तीही २०२२ साली थांबली. मोझेलच्या त्याच कारखान्यात आता नुसत्या विजेच्या गाड्या होतात. मुलाला तिथे नोकरी मिळावी असे फार वाटते, आणि मिळाली तरी किती वर्षे टिकेल याची धास्तीही वाटते. आई म्हणून मी दोन्हींचे ऐकून घेते.

आता जे सांगायचे मी इतका वेळ टाळत होते ते सांगते. आमची शेवाळी स्कूटर २००९ साली मी विकायला लावली. बाबांनी ती तेव्हा चालवणे बंद केले होते. ती अंगणात ताडपत्रीखाली उभी असे आणि दर रविवारी ते ती पुसत, डावीकडे कलती करून किक मारत, दहा मिनिटे धूर काढत. आम्ही तेव्हा नवीन मोटार घेतली होती आणि ती उभी करायला जागा हवी होती. मी हसत हसत म्हणाले, "बाबा, आता हिचं काय स्मारक करायचंय का?" सगळे हसले. जावई हसले, नातू हसला. बाबाही हसले. भंगारवाल्याने तिचे बाराशे रुपये दिले. त्याने ती हातगाडीवर चढवताना बाबांनी फक्त स्टेपनीचे कव्हर काढून घेतले, ते आईने घरी शिवलेले होते म्हणून.

त्या चौकात हसताना मला हे वाक्य आठवले नव्हते. आठवले ते परतीच्या गाडीत.

संध्याकाळी केम्निट्सच्या खोलीवरून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, पडद्याच्या फार जवळ येतात, त्यामुळे आम्हाला बहुतेक वेळ त्यांचे कपाळच दिसते. नातवाने त्यांना दगडी गाडीचा फोटो पाठवला, मग खऱ्या गाडीचा, मग त्या मळकट थराचा. "हे तर सरकीवरचं दिसते बाप्पा," ते लगेच म्हणाले, आणि मग कवच कसे करत ते त्यांनी तपशिलात विचारून घेतले. दाब किती, गरम किती, गाठी कुठून येत. मुलाला दाबाचा आकडा सांगता आला नाही, याचे त्यांना वाईट वाटले. पेट्रोलमध्ये ऑइल किती, हेही विचारले. "पन्नासाला एक, आबा." "हाव, मग आपल्यासारखंच." मग मी त्या म्हातारीबद्दल सांगितले. मी हसले होते, हे सांगितले नाही. ती थांबली आणि चौदा वर्षे म्हणाली, एवढेच सांगितले. बाबा जरा मागे झाले, त्यामुळे त्यांचा सबंध चेहरा दिसला.

"चौदा म्हणजे आपल्याहून सहा जास्त," ते म्हणाले. थोडे थांबून त्यांनी विचारले, "रंग कोन्ता भेटला तिले?"

मी मुलाकडे पाहिले. मुलाने माझ्याकडे. ट्रॅबंटचे रंग फिकट असत, पांढरट, आकाशी, पिवळसर, असे काहीबाही तो आजोबांना सांगू लागला. बाबा ऐकत होते, पण त्यांना जे विचारायचे होते त्याचे ते उत्तर नव्हते, आणि ते मी विचारून घेतले नव्हते.